सुट्या पुडीत काय असते?



सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला, की डाग जाण्याऐवजी लालभडक होतो, हे तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. लग्नघरात तर हमखास. आज मी जे सांगणार आहे त्याचे निम्मे शास्त्र या एका डागात आहे. तेव्हा तो डाग तेवढा ध्यानात असू द्या.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वहिनींच्या हातांना भेगा पडल्या. पेरांवरचे कातडे कोरडे होऊन सोलपटून निघे आणि तिखटाचा हात लागला की डोळ्यांतून पाणी येई. डॉक्टरांनी मलम दिले आणि विचारले, "धुणे कशाने धुता?" वहिनी म्हणाल्या, "बाजारातल्या सुट्या पावडरीने. फेस फार छान येतो हो तिला!" आठवड्याच्या बाजारात पोत्यातून मापून मिळणारी ही पावडर. पुडीवर ना नाव ना गाव. दर मात्र चांगल्या पावडरीच्या निम्म्याहूनही कमी.

आता स्वस्त म्हणजे वाईट, असे मी मुळीच म्हणणार नाही. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी पावडर तयार करून ती दारोदार विकायला सुरुवात केली. तीच पुढे निर्मा या नावाने खेड्यापाड्यांत पोचली. तोपर्यंत अशी पावडर ही बव्हंशी पैसेवाल्या घरची वस्तू होती. स्वस्ताईने गरिबाच्या घरचे धुणे सोपे केले, हे कबूल केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की स्वस्त पुडीत स्वस्त काय घातले आहे?

अशी पावडर बनवणे अवघड नसते. धुण्याचा कोरडा सोडा फरशीवर पसरायचा, त्यात 'ॲसिड स्लरी' म्हणून मिळणारे काळपट, दाट द्रव ओतायचे आणि फावड्याने कालवायचे. सोडा आणि स्लरी भेटली की मिश्रण फसफसते आणि मळ काढणारा खरा पदार्थ तयार होतो. त्यात भर घालायची, रंग आणि वास मिसळायचा, चाळायचे, की झाली पावडर. यात महाग काय, तर स्लरी. म्हणून ती कमी करून सोडा आणि भर वाढवण्याचा मोह होतो. भर म्हणजे बहुधा साधे मीठ, सोडियम सल्फेट नावाचा मिठासारखाच क्षार, किंवा दगडाची भुकटी. मीठ आणि सल्फेट मळ काढत नाहीत. पावडर मोकळी राहावी म्हणून थोडे सल्फेट चांगल्या पावडरीतही घालतात, पण थोडे म्हणजे किती, हे पोत्यावर कुठे लिहिलेले असते?

सोड्याचे तसे नाही. तो उपयोगी आहे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातला चुना तो खाली बसवतो, त्यामुळे मळ काढणाऱ्या पदार्थाची नासाडी होत नाही. चुलीच्या राखेने आपल्या आज्या भांडी घासत, त्या राखेतही याच जातीचा क्षार असतो. मात्र सोडा जास्त झाला की तो कातड्यावरचा तेलकटपणा ओढून घेतो. लोकर आणि रेशीम यांची तर तो वाटच लावतो. वहिनींच्या हातांचे दुखणे हेच असावे, असा मला संशय आला.

मी शाळामास्तर. संशय आला की प्रयोग करायचा, ही खोड जुनी. सातवीची मुले गोळा केली. पावसाचे साठवलेले पाणी घेतले, कारण बोअरच्या पाण्यात सोडा टाकला की ते आपोआप गढूळ होते आणि निकाल फसतो. दहा ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात विरघळवली आणि तासभर स्थिर ठेवली. तळाशी पांढरा गाळ बसला. वरचे पाणी ओतून गाळ चार वेळा धुतला आणि त्यावर व्हिनेगर टाकले. बुडबुडे आले. म्हणजे त्यात खडूच्या जातीच्या दगडाची भुकटी होती. शिक्षक बंधुभगिनींनो, गाळ धुण्याचा आळस करू नका. नाही तर बुडबुडे उरलेल्या सोड्याचे येतात आणि आपण विनाकारण दगडाला दोष देतो. शिवाय गाळ दिसला म्हणजे लबाडीच, असेही नाही. काही चांगल्या पावडरींत न विरघळणारा झिओलाइट नावाचा पदार्थ मुद्दाम घातलेला असतो, पण त्याचे असे बुडबुडे येत नाहीत.

मग हळद. वरचे शंभर मिलिलिटर पाणी पेल्यात घेतले आणि चिमूटभर हळद टाकली. पाणी लाल झाले. दुसऱ्या पेल्यात किराणा दुकानातल्या कोरड्या सोड्याचे तसेच मोजून केलेले पाणी, तिसऱ्यात शेजाऱ्यांकडच्या पुडाबंद पावडरीचे. बिनसुईच्या सिरिंजने एकेका पेल्यात व्हिनेगर सोडत गेलो. लाली जाऊन पिवळा रंग येईपर्यंत किती मिलिलिटर लागले, ते मुलांनी फळ्यावर मांडले. जितके व्हिनेगर जास्त, तितका क्षार जास्त. बाजारातली पावडर जवळजवळ निखळ सोड्याइतकेच व्हिनेगर प्यायली! शेजाऱ्यांच्या पावडरीला त्याच्या निम्म्यानेही भागले. हे माप ढोबळ आहे, बरे का. सिलिकेटसारखे इतर क्षारही त्यात मोजले जातात. शिवाय खड्यांचा सोडा तुलनेला घेऊ नका, त्यात वजनाने निम्म्याहून अधिक पाणीच असते.

वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, मी आजवर सोड्यानेच धुणे धुतले की! मग तो फेस कुठून आला?"

प्रश्न चोख होता. फेस येण्यापुरती स्लरी थोडी पुरते. फेस आणि मळ निघणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, पण गिऱ्हाईक फेस पाहते आणि बनवणारा ते ओळखून असतो. पांढऱ्या फिनेलचेही तेच. बादलीत थेंब पडताच पाणी दुधासारखे झाले की आपल्याला वाटते, औषध जालीम आहे. ते दूध म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले, दुसरे काही नाही. त्याने जंतू मरतात की नाही, हे पांढरेपणावरून कळत नाही. ते प्रयोगशाळेत कार्बोलिक ॲसिडशी तुलना करून ठरवतात.

इथवर नुकसान पैशाचे आणि कातड्याचे. संडास धुण्याच्या ॲसिडची गोष्ट वेगळी. निळ्या बाटलीत असो की पिवळे, सुटे असो, बहुतेक ते हायड्रोक्लोरिक ॲसिडच असते. सुटे पुष्कळदा कितीतरी तीव्र. शहाबादी फरशीवर ते सांडले की फेस येतो आणि बाया म्हणतात, पहा कसा मळ निघतोय! अहो, तो मळ नव्हे, फरशी विरघळते आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड.

आणि हे ॲसिड टीसीएल पावडरीजवळ, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लीचिंग पावडरीजवळ, चुकूनही नेऊ नका. दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल, असे वाटणे साहजिक आहे. पण दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. संडासासारख्या कोंदट जागेत तो छातीत भरायला वेळ लागत नाही. घसा जळजळला, ठसका लागला, तर सगळे तसेच टाकून उघड्यावर या आणि दवाखाना गाठा. कातड्यावर किंवा डोळ्यांत ॲसिड गेले तर निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. पोराने ते प्यायले असेल तर त्याला ओकायला लावू नका, कारण वर येताना ते घसा पुन्हा जाळते. तसेच उचलून दवाखान्यात न्या आणि बाटलीही बरोबर घ्या.

बाटलीवरून आठवले. सुटे ॲसिड बहुधा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून देतात आणि ती मोरीत, पोराच्या हाताच्या उंचीवर ठेवली जाते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ॲसिड विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहावा, ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालच्या कुणाला ते देऊ नये. आमच्या बुधवारच्या बाजारात मी त्या बाटल्यांच्या रांगेपाशी मुद्दाम तासभर उभा राहिलो. पाच बाटल्या खपल्या. त्यांतली एक माझ्याच वर्गातल्या पोराने नेली. वही मला दिसली नाही.