तपासणीची सवय



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. संगणकावर मी बोलावे याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु एका चुकीने मला हा विषय शिकविला, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी नववीचा निकाल मी संगणकावर तयार केला. एका विद्यार्थ्याला एका विषयात सूट होती, म्हणून सूत्र बदलले. त्याची ओळ पाहिली, बरोबर आली. निकाल छापला. पण बदल करताना ‘३५ किंवा अधिक’ऐवजी ‘३५ पेक्षा अधिक’ असे लिहिले गेले होते. गणितात नेमके ३५ मिळविलेली एक मुलगी नापास ठरली. चूक माझी होती. तिचे अब्बा शाळेत आले, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘सर, पोरगी दोन दिवस जेवली नाही.’’

एक दुरुस्त करताना दुसरे बिघडते, हा संगणकाच्या कार्यक्रमांचा जुनाच रोग आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. जुन्या एरियान-४ चा आज्ञावलीचा भाग त्यात तसाच वापरला होता. नव्या यानाचा वेग अधिक. एक संख्या ठरलेल्या जागेत मावेना. नव्या उड्डाणाच्या आकड्यांवर तो भाग आधी तपासलाच नव्हता.

यावर उपाय काय? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांना ‘गो-नो गो’ गेज ठाऊक आहे. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. डोळ्यांच्या अंदाजावर तेथे कोणी विसंबत नाही. स्वयंचलित चाचणी हे आज्ञावलीचे गेजच होय. मूळ कार्यक्रमाबरोबर छोटे तपासणी-कार्यक्रम लिहावयाचे: ३४ दिले तर नापास, ३५ दिले तर पास, गैरहजर असेल तर अमुक. मग एक अक्षर जरी बदलले तरी सर्व चाचण्या पुन्हा चालवावयाच्या. संगणक कंटाळत नाही. काही क्षणांत चूक दाखवितो. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ साली याकरिता ‘जेयुनिट’ हे साधन रचले. २००४ मध्ये संकेतस्थळे तपासणारे ‘सेलेनियम’ आले. दोन्ही विनामूल्य मिळतात.

मात्र आपल्याला जी शंका सुचली नाही, ती चाचणीलाही सुचत नाही. शंका काढणे हे माणसाचेच काम.

पालकहो, संगणकाच्या वर्गाची फी आपण पोटाला चिमटा घेऊन भरता. तेथे चाचणी लिहावयास शिकवितात काय, हे अवश्य विचारा. विद्यार्थी मित्रांनो, ‘चालले’ म्हणून थांबू नका, ‘कशाने बिघडेल?’ हे विचारा. आपल्या एका चुकीच्या चिन्हामागे कुणाच्या तरी घरची चूल थंड राहते.

त्या मुलीचा निकाल दुरुस्त झाला. ते दोन दिवस मात्र मला परत देता आले नाहीत.