अपेक्षेचे गणित

(एका वसंत व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे आणि आज मला गणिताविषयी बोलायचे आहे. हा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो गणिताच्या अभ्यासातून आलेला नाही. तो आला आहे वृत्तपत्राच्या कचेरीतल्या एका कोपऱ्यातल्या टेबलावरून. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे विवाहविषयक जाहिरातींची मुद्रिते तपासण्याचे काम होते. 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' हे शब्द मी इतक्या वेळा तपासले की, त्यातली वेलांटी चुकली तर झोपेतही कळावी. त्या जाहिरातींत वराची उंची असे, पगार असे. वधूचे शिक्षणही असे. पण 'वधू वराहून अधिक शिकलेली चालेल' असे वाक्य तपासल्याचे मला आठवत नाही.

त्या वयात वाटे, समाज जसा आहे तसा या रकान्यात उमटतो. पुढे उमगले की, गोष्ट उलटीही आहे. त्या रकान्यात जे छापले जाते, त्याप्रमाणे घराघरांतल्या मुली घडत जातात. अपेक्षा केवळ माणसाचे वर्णन करीत नाही; ती माणूस घडवते आणि मग त्याच घडलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणते, 'बघा, मी म्हणत नव्हते?'

दूरध्वनीवरचा आवाज

१९७७ साली अमेरिकेत मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक तरुण आणि एक तरुणी यांनी दूरध्वनीवर गप्पा मारायच्या. दोघे अनोळखी. तरुणाला तिचे म्हणून एक छायाचित्र दिले जाई. ते प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणाचे तरी असे. काहींना देखण्या मुलीचे, काहींना सामान्य रूपाच्या मुलीचे. तरुणीला यातले काहीच ठाऊक नसे. नंतर त्रयस्थांना ध्वनिफितीवरचा फक्त तरुणीचा आवाज ऐकवला. ज्यांना समोरच्याने देखणे मानले होते, त्या मुली अधिक मोकळ्या, अधिक आपुलकीने बोलणाऱ्या भासल्या. मुलगी कशी आहे याचा इथे संबंधच नव्हता. समोरच्याने तिला काय मानले आणि त्यामुळे तो तिच्याशी कसा बोलला, एवढ्यानेच तिचा आवाज बदलला.

त्याआधी, १९७५ साली, मार्क झॅना आणि सुझन पॅक यांनी प्रिन्स्टनच्या विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग आजच्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो. मुलींना सांगण्यात आले की, तुमची एका तरुणाशी भेट होणार आहे. काहींना सांगितले, त्याला घरगुती, मवाळ, आज्ञाधारक स्त्री आवडते. काहींना सांगितले, त्याला स्वतंत्र बुद्धीची स्त्री आवडते. मग शब्दकोडे सोडवायला देऊन ती बुद्धीची परीक्षा असल्याचे भासवले. तरुण हवाहवासा असेल, तर मुली त्याच्या आवडीप्रमाणे स्वत:चे वर्णन बदलत. इतकेच नव्हे, त्याला बुद्धिमान स्त्री आवडते असे कळलेल्या मुलींनी कोडीही अधिक सोडवली. तरुण फारसा आवडण्याजोगा नसेल, तर त्याच्या मतांचा असा प्रभाव दिसला नाही.

असल्या प्रयोगांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. 'मुलींना गणित जमत नाही' या समजुतीची नुसती आठवण करून दिली तरी परीक्षेत गुण घसरतात, असे एक मत पुष्कळ गाजले. पुढे मोठ्या प्रमाणावर पडताळणी झाली तेव्हा तो परिणाम सर्वत्र आढळला नाही. तथापि, आपल्या घरांत डोकावण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

पोह्यांच्या बशा

माझी थोरली बहीण गणित घेऊन बी.एस्सी. झाली. महाविद्यालयात पहिली आली. एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास तिला बघायला मंडळी आली. आदल्या रात्री काकूने तिला जवळ घेऊन सांगितले, "एम.एस्सी.चं आपणहून बोलू नकोस गं. मुलगा बी.कॉम. आहे. विचारलंच तर सांग, वेळ जायचा म्हणून घेतलाय प्रवेश." काकू वाईट नव्हती. तिचा जीव होता पुतणीवर.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी विचारले, "पुढे शिकायची आवड आहे का?" ताई म्हणाली, "तशी विशेष नाही." मी त्याच खोलीत पोह्यांच्या बशा फिरवत होतो. ती रात्री दीड-दीड वाजेपर्यंत वही घेऊन बसते, हे मला ठाऊक होते. मी काही बोललो नाही. लग्न झाले, संसार चांगला झाला, मेव्हणे सज्जन आहेत. एम.एस्सी. मात्र राहिली ती राहिलीच.

हे जुन्या काळचे आहे, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास पाहा. व्यवस्थापनाच्या नामांकित अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना विचारले, तुम्हाला किती पगार अपेक्षित आहे? उत्तर वर्गमित्रांना कळणार आहे असे वाटले, तेव्हा अविवाहित मुलींनी सांगितलेला आकडा सरासरी वर्षाला १८,००० डॉलरने खाली आला. विवाहित किंवा जोडीदार ठरलेल्या मुलींत असा फरक पडला नाही, मुलांतही नाही. अविवाहित मुलींचे परीक्षेतले गुण इतरांच्या तोडीचे होते. वर्गात बोलण्याला जे गुण असतात, तेवढे मात्र कमी होते. आमच्या ताईने जे दिवाणखान्यात केले, तेच त्या मुली वर्गात करीत होत्या.

दारातली अट

आपल्या मराठी मुलखातलेच एक उदाहरण घ्या. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परीक्षेच्या बोलीवर त्यांना घेतले आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही अट घातली.

ही अट बारकाईने पाहा. तरुण मुलगी म्हणजे मोह आणि मोह म्हणजे अभ्यासातला अडथळा. प्रीतीविषयीची अपेक्षा आणि विद्येविषयीची अपेक्षा त्या एकाच अटीत एकत्र आली होती. कमलाबाईंनी ते वर्ष पार पाडले, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि त्यांचे काम पाहून संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. रामन यांच्यासारखा थोर वैज्ञानिकही अपेक्षेच्या चष्म्यातून पाहत होता; मग आपण कोण? पण त्यांनी समोरचा पुरावा पाहून मत बदलले, हेही विसरू नये.

मुलांच्याही वाट्याला

याची झळ फक्त मुलींना लागते असे नाही. मी दहावीनंतर कलाशाखा घेतली, तेव्हा एका नातेवाइकांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारले होते, "मुलगा बरा आहे ना?" कविता आवडणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला आणि गणित आवडणारी मुलगी म्हणजे कठीण! प्रेमातही तेच. मुलाने पाठलाग करायचा, मुलीने नाही म्हणायचे आणि त्या नकारात होकार शोधायचा, हे चित्रपटांनी वर्षानुवर्षे शिकवले. त्यामुळे मुलीचा खरा नकार मुलाला ऐकू येत नाही आणि मुलाला स्वत:ची खरी हळवी बाजू दाखवता येत नाही.

आकडे काय सांगतात? २०२४ च्या दहावीच्या निकालात महाराष्ट्रातल्या मुली ९७.२१ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुले ९४.५६ टक्के. मुली पुढे असणे हे आता नित्याचे झाले आहे. आणि आयआयटीत? २०१६ साली तेथे प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ८ टक्के होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या, तेव्हा कुठे प्रमाण वाढू लागले. बुद्धी दहावीनंतर आटत नाही. आटते ती घरची तयारी. मुलाला शिकवणीसाठी कोट्याला ठेवणारे घर, मुलीच्या बाबतीत 'इथेच काहीतरी बघू' म्हणते.

लीलावती

हे सारे आपल्या परंपरेतच आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडून पाहावी. ग्रंथ बाराव्या शतकातला. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात त्यांच्या कुळाची नोंद आहे. ती त्यांची कन्या आणि तिचा विवाहमुहूर्त चुकला, ही कथा मूळ ग्रंथात नाही. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून आली. ग्रंथात आहे ते एवढेच की, आचार्य 'बाले' अशी हाक मारून गणित विचारतात. कमळात अडकलेला भ्रमर आणि बाहेर गुंजारव करणारी भ्रमरी यांच्यावरही ते उदाहरण रचतात. शृंगार आणि गणित यांचे वाकडे आहे, असे त्यांना वाटले नाही. मुलीला हे जमणार नाही, असेही वाटले नाही. ही अपेक्षा आपण केव्हा आणि का टाकून दिली, याचा शोध प्रत्येक घराने घ्यावा.

मी मोठे कार्यक्रम सुचवीत नाही. आपल्या बोलण्यातली दोन-तीन वाक्ये तेवढी बदलावीत. मुलीला गणितात कमी गुण पडले तर 'असू दे, तुला कुठे इंजिनियर व्हायचंय' हे म्हणू नये. मुलाला पडले तर 'मुलगा असून?' हे म्हणू नये. आणि स्थळ बघायला जाल तेव्हा मुलीला विचारा, 'तुझ्या विषयातलं तुला सर्वांत काय आवडतं?' मग उत्तर संपेपर्यंत ऐका.

ताईची मुलगी नववीत असताना एकदा म्हणाली, "आई, मुलींना गणित कमीच जमतं ना? तूसुद्धा सोडलंस." ताई कपाटाकडे गेली आणि जुनी गुणपत्रिका तिच्यापुढे ठेवली. म्हणाली, "सोडलं नाही गं. आवड नाही असं एकदा खोटं सांगितलं होतं."

मी तेव्हाही त्याच खोलीत होतो. म्हणून आज इथे बोललो.