विद्यापीठीय व्याख्याने विद्यार्थ्याच्या पदरात



विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम 15 ऑगस्ट 1984 रोजी दूरदर्शनवर सुरू झाला, तेव्हा दूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची मोठीच सोय झाली. अडचण एवढीच की पाठाची वेळ ठरलेली असे, आणि त्या वेळी वीज गेली की पाठही गेला. ज्या महाविद्यालयाकडे व्हिडिओ रेकॉर्डर असेल, त्याला तो फितीवर उतरवून ठेवता येई.

आज वेळेचे बंधन उरलेले नाही. सात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 साली सुरू केलेल्या एनपीटीईएल या उपक्रमाची व्याख्याने कोणत्याही प्रहरी पाहता येतात. बंधन आता आहे ते इंटरनेटच्या जोडणीचे. सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने येणारे तासाभराचे व्याख्यान 450 मेगाबाइट खर्ची घालते. पुन्हा पाहिले तर बहुधा तेवढाच खर्च पुन्हा होतो. आणि कठीण विषयाचे व्याख्यान एकदा ऐकून समजले, असे म्हणणारा विद्यार्थी विरळाच.

या अडचणीवर उपाय म्हणून ब्राउझरला जोडावयाची 'एक्स्टेंशन' नावाची छोटी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. पडद्यावर सलग दिसणारे व्याख्यान पुष्कळदा काही सेकंदांच्या तुकड्यांनी येत असते व त्या तुकड्यांची एक यादी असते. एक्स्टेंशन ती यादी हुडकते, तुकडे क्रमाने गोळा करते आणि ते सांधून एक फाइल तयार करते. ती फाइल जोडणी नसतानाही पाहता येते.

येथे सावध मात्र राहावयास हवे. विद्यार्थी भेट देईल त्या सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची मुभा असे एक्स्टेंशन अनेकदा मागते. घाईने होकार दिला, तर व्याख्यानाबरोबर बँकेचे पानही त्याच्या नजरेखाली येते. दुसरी बाब कायद्याची. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम 52 खाजगी उपयोग व संशोधन यांसाठी न्याय्य वापरास वाव देते. परंतु हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे 2012 च्या दुरुस्तीनंतर शिक्षापात्र आहे.

खरे पाहता, विद्यार्थ्याला असा आडमार्ग शोधावा लागणे ही संस्थेचीच उणीव होय. एनपीटीईएलने व्याख्याने उतरवून घेण्याची सोय स्वतःच ठेवली आहे. अमेरिकेतील एमआयटीने आपले अभ्याससाहित्य खुले करण्याचे 2001 साली जाहीर केले. अव्यापारी उपयोगासाठी प्रती काढण्यास तिचा परवाना मुभा देतो. जोडणी अपुरी असलेल्या आफ्रिकेतील विद्यापीठांना तर हे साहित्य हार्ड डिस्कवर भरून पाठविण्यात आले. मग आपल्याकडील महाविद्यालयांनी चित्रित केलेले पाठ कुलूपबंद का असावेत? अध्यापकांची संमती घेऊन लहान आकाराची एक प्रत आणि निव्वळ आवाजाची दुसरी, एवढे ठेवणे मुळीच अवघड नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना 2011 साली मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट झाली. जेथे तार पंचायतीपर्यंत पोहोचली पण विद्यार्थ्याच्या घरी पोहोचली नाही, तेथे कार्यालयाचा संगणक रात्री खुली व्याख्याने उतरवू शकेल. चाळीस तासांचा अभ्यासक्रम वरील हिशेबाने 18 गिगाबाइटचा होतो. 64 गिगाबाइटच्या एका पेनड्राइव्हवर असे तीन अभ्यासक्रम मावतात, आणि तो ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे नोंद करून आठवड्यासाठी घरी नेता येतो.