आठवण धरून ठेवणारे एक्कावन्न अणू



चहाचा कप ओट्यावर राहिला की चहा निवतो. निवल्यावर तो मुळात उकळता होता की कोमट, हे नुसत्या बघण्यातून कुणालाच सांगता येत नाही. सुरुवातीची खूण पुसली गेलेली असते. या अवस्थेला भौतिकशास्त्रात औष्णिक समतोल म्हणतात. आज आपल्याला बोलायचंय ते अशा अणूंबद्दल, जे या समतोलाकडे जायला फार वेळ लावतात.

पुंजयांत्रिकीत मुळातच एक पेच आहे. बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेल्या व्यवस्थेत माहिती कधी नष्ट होत नाही, मग तिथे समतोल येतोच कसा? १९९१ साली जोशुआ डॉइच यांनी आणि १९९४ साली मार्क स्रेडनिकी यांनी यावर जो विचार मांडला, तो आज पायाभूत मानला जातो. माहिती शिल्लक असते, पण असंख्य कणांच्या परस्परसंबंधांत इतकी विखुरते की एखाद-दुसरा कण तपासणाऱ्याच्या ती हाती लागत नाही.

आणि मग २०१७ सालचा हार्वर्ड-एमआयटीचा प्रयोग आला. मिखाइल लुकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबिडियमचे ५१ अणू लेझरच्या चिमट्यांत पकडून एका रांगेत मांडले. दोन अणूंमध्ये अंतर काही मायक्रोमीटरचं. दुसऱ्या लेझरनं अणू रिडबर्ग अवस्थेत नेला की तो शेकडो पटींनी फुगतो आणि शेजाऱ्याला फुगू देत नाही. लगतचे दोन अणू एकाच वेळी फुगलेले असणार नाहीत, हा या रांगेचा एकमेव निर्बंध. प्रयोगाच्या शेवटी छायाचित्र काढतात. साधे अणू त्यात चकाकतात, फुगलेले चिमट्यातून निसटलेले असतात, म्हणजे रिकाम्या जागा मोजल्या की काम झालं.

हा निर्बंध पाळून रांग किती प्रकारे मांडता येईल? एका अणूला २ प्रकार, दोघांना ३, तिघांना ५, चौघांना ८. वृत्तं शिकलेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा भरायच्या तर चार लघू, किंवा एक गुरू आणि दोन लघू तीन तऱ्हांनी, किंवा दोन गुरू: एकूण ५. फुगलेला अणू आणि त्याच्या उजवीकडचा साधा अणू मिळून एक गुरू, उरलेला प्रत्येक साधा अणू लघू, आणि रांगेच्या टोकाला एक साधा अणू जास्तीचा धरायचा. हिशेब तंतोतंत जुळतो. विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी छंदांसाठी दिलेला, मागच्या दोन संख्यांची बेरीज करण्याचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. ५१ अणूंसाठी उत्तर येतं सुमारे ५,३३२ कोटी. निर्बंध नसता तर ते साडेबावीस कोटी कोटी झालं असतं.

प्रयोगात एकाआड एक अणू फुगवून रांग मोकळी सोडली. अपेक्षा अशी, की नक्षी लगेच विस्कटेल. पण साध्यांचे फुगले, फुगलेल्यांचे साधे झाले, पुन्हा उलट, आणि असे हेलकावे बराच वेळ चालले.

निर्बंधामुळे वाटा कमी झाल्या म्हणून असं घडलं, हे उत्तर चटकन सुचतं. पण ते पुरेसं नाही. त्याच रांगेत सगळे अणू साधे ठेवून सुरुवात केली, तर समतोल लवकर येतो, असं गणित सांगतं. निर्बंध तोच, लेझर तोच, फक्त आरंभ वेगळा. लीड्स, जिनिव्हा आणि ऑस्ट्रियातल्या टर्नर, मिखाइलिदिस, अबानिन, सर्बिन आणि पापिच यांनी २०१८ मध्ये यामागचं कारण दाखवून दिलं. या रांगेच्या बहुतेक सगळ्या ऊर्जापातळ्या अगदी नियमानुसार वागणाऱ्या, गोंधळी आहेत. त्यांच्यात मूठभर निराळ्या लपलेल्या आहेत, जवळजवळ सारख्या अंतरावर. एकाआड एक ही मांडणी मुख्यतः या मूठभरांवर आधारलेली असते; अंतर सारखं, म्हणून ताल टिकतो. अंतर अगदी काटेकोर सारखं नाही, म्हणून प्रत्येक फेरीला थोडी आठवण गळतेच. २०२१ मध्ये लुकिन यांच्याच गटानं लेझर ठरावीक लयीत बदलत ठेवून ही गळती बरीच कमी केली, तेही २०० अणूंपर्यंतच्या मांडण्यांमध्ये.

माझ्या मते या प्रयोगाचं मोल त्या मूठभर पातळ्यांत आहे. समतोलाचा सिद्धान्त त्यांनी मोडला नाही. तो बहुतेक पातळ्यांना लागू पडूनही आपली सुरुवात त्यातून निसटू शकते, हे त्यांनी दाखवलं.

सभागृहात महाविद्यालयीन विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांना एक सांगणं आहे. २० अणूंच्या रांगेला फक्त १७,७११ मांडण्या असतात, आणि एवढं गणित साध्या लॅपटॉपवर होतं. एकदा सगळे अणू साधे ठेवून आणि एकदा एकाआड एक फुगवून, मांडणी वेळेनुसार कशी बदलते याचे दोन्ही आलेख स्वतः काढून पाहा.