संगणकाचा दुभाषी घरी घडविताना

हैदराबाद हे दुभाष्यांचे शहर आहे. उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी या भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा उच्च शिक्षण उर्दूतून द्यावयाचे ठरले. आणि त्यासाठी निरनिराळ्या शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणणारी एक स्वतंत्र अनुवादसंस्था आदल्याच वर्षी उभी करण्यात आली. अनुवादकावाचून परकी विद्या घरात येत नाही, हे या शहराला कोणी निराळे सांगावयास नको.

याच शहराच्या नारायणगुडा भागात केशव मेमोरियल शिक्षणसंस्था आहे. हैदराबाद संस्थानात मराठी शिक्षणासाठी झटलेले न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ 1940 साली ती निघाली, आणि 2007 साली तिच्या विद्यमाने तेथे तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयांतील मुलांचे सारे काम ज्या अनुवादकावर चालते, तो मात्र माणूस नव्हे. त्याचे नाव कंपायलर. माणसाने 'सी'सारख्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा तो शून्य आणि एक यांच्या यंत्रभाषेत उतरवून देतो.

हा दुभाषी बहुतेकांना तयार मिळतो, आणि तयार वस्तूकडे कोणी वळून पाहत नाही. पण समजा, नारायणगुड्यातील एखाद्या विद्यार्थ्याने तो मूळ संहितेपासून स्वतः बांधावयाचे मनात घेतले. त्याला साधन उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली 'जीसीसी' हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. त्याची संपूर्ण संहिता कोणासही विनामूल्य उतरवून घेता येते, वाचता येते आणि बदलताही येते.

विद्यार्थी संहिता उतरवून घेतो, बांधणीची पहिली आज्ञा देतो, आणि यंत्र उत्तर देते की, चालण्याजोगा सी कंपायलर सापडला नाही! कंपायलर हवा म्हणून तर हा खटाटोप. आणि त्यासाठी आधी कंपायलरच पाहिजे! ही थट्टा नव्हे. जीसीसीची संहिताही माणसाच्या समजुतीच्या भाषेतच लिहिलेली आहे. तिचा अनुवाद झाल्याखेरीज ती चालणार कशी?

या कोड्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. दही लावावयाचे तर विरजण लागते, आणि विरजण म्हणजे कालचे दहीच. घरात नसेल तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते. संगणकावर आधीपासून असलेला जुना, साधा कंपायलर हे नव्याचे विरजण होय. 1962 साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत टिम हार्ट आणि माइक लेविन यांनी 'लिस्प' भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहून त्याच्याकडून त्याचाच अनुवाद करून घेतला. तेव्हापासून ही रीत रूढ होत गेली.

विरजण मिळाले तरी भांडी स्वच्छ हवीत. जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही गणिती साहित्याची तीन भांडारे लागतात. ती आणून देणारी एक लहानशी आज्ञावली संहितेबरोबरच येते. बांधणी संहितेच्या दप्तरात करू नये, तिला शेजारी वेगळे दप्तर द्यावे. मग तीन आज्ञा: 'कॉन्फिगर' यंत्राची पाहणी करते, 'मेक' बांधते, आणि 'मेक इन्स्टॉल' तयार वस्तू जागच्या जागी ठेवते. साध्या घरगुती संगणकावर मधल्या आज्ञेला काही तासही लागतात. काम अडले तर शेवटची ओळ वाचून घाबरू नये. वर जाऊन पहिली चूक शोधावी, कारण पुढच्या पुष्कळशा चुका तिचीच पिले असतात. सर्व पार पडल्यावरही हाक मारताच जुनाच कंपायलर 'ओ' देतो, असे पुष्कळदा घडते. म्हणून आवृत्तीचा क्रमांक विचारून खात्री करून घ्यावी.

या मधल्या तासांत एक मोठी सुंदर गोष्ट घडत असते. जुना कंपायलर नव्या संहितेचा अनुवाद करतो, ही पहिली पायरी. तयार झालेला नवा कंपायलर तीच संहिता पुन्हा, या वेळी स्वतः, अनुवादतो, ही दुसरी. दुसऱ्या पायरीचा कंपायलर तेच काम तिसऱ्यांदा करतो. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची फळे शेजारी ठेवून ताडून पाहिली जातात. ती तंतोतंत जुळली पाहिजेत. न जुळल्यास बांधणी तेथेच थांबते. आपलीच उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा सोडवून आधीच्या उत्तरांशी ताडून पाहणारा विद्यार्थी विरळा. हे यंत्र ते दर वेळी करते.

महाराष्ट्रात या विद्येची शिस्तशीर जोपासना झाली आहे. पवईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीचे अभ्यासकेंद्र केंद्र सरकारच्या साहाय्याने उभे राहिले, आणि जीसीसीची बांधणी व अंतर्गत रचना शिकविणाऱ्या कार्यशाळा तेथे भरल्या. नुसती वापरलेली वस्तू आणि उकलून पाहिलेली वस्तू यांतील अंतर ओळखणारे हे काम होते.

परंतु स्वतः बांधले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एक गंभीर इशारा दिला. कंपायलरमध्ये कोणी कपट पेरले, आणि ते कपट नव्या कंपायलरमध्ये आपोआप उतरेल अशी तजवीज केली, तर पुढे संहितेत त्याचा मागमूसही उरणार नाही. तरी प्रत्येक पिढीत ते जिवंत राहील. विरजणच नासके असेल, तर दूध कितीही चांगले असून काय उपयोग?

यावर दोन उपाय निघाले. डेव्हिड व्हीलर यांनी 2005 साली मांडलेला उपाय म्हणजे दुसऱ्या घरचे विरजण आणून पाहणे: निराळ्या कंपायलरकडून तीच संहिता बांधून घ्यावी आणि अखेरचे फळ ताडावे. दुसरा उपाय मुळाशी जाण्याचा. 2023 साली 'गिक्स' प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी अवघ्या 357 बाइटांच्या एका आज्ञावलीपासून आरंभ करून, पायरीपायरीने चढत, जीसीसीपर्यंतची संपूर्ण साखळी संहितेतून बांधून दाखविली. 357 बाइट म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर; धीर धरला तर माणसाला तो अक्षरन् अक्षर तपासता येतो.

प्रत्येकाने आपला कंपायलर घरी बांधावा, असा आग्रह कोणी धरणार नाही. प्रत्येक जण चक्कीही घरी ठेवीत नाही. पण गावात दळण ओळखणारी चार माणसे असावी लागतात. ज्या दुभाष्याच्या तोंडून आपले बँकेचे, रेल्वेचे आणि दवाखान्याचे व्यवहार यंत्राला सांगितले जातात, तो काय बोलतो हे पडताळू शकणारे कोणी आपल्यात असले पाहिजे. नारायणगुड्यातील तो विद्यार्थी रात्री काही तास पडद्याकडे पाहत बसतो, दोन पायऱ्यांची फळे जुळल्याची ओळ उमटते, आणि तो दिवा मालवितो. त्या रात्री आपल्या समाजात पडताळून पाहणारा एक माणूस वाढलेला असतो.