पोळपाट घरी राहू द्या

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घराघरांत एक बोलणं सुरू होतं. "यंदा हॉटेल नको. स्वयंपाकघर असलेला बंगलाच घेऊ. खर्च कमी आणि घरचं खाता येईल." बेत उत्तमच आहे. फक्त "घरचं खाता येईल" असं म्हणणारा माणूस बहुधा खाणारा असतो, रांधणारा नव्हे. आज मी बोलणार आहे ते अशा सहलीच्या सामानाविषयी. पण आधी एक आठवण सांगते.

१९७४ साली, मी दहा वर्षांची असताना, आम्ही माथेरानला बंगला घेऊन चार दिवस राहिलो. माणसं सात आणि वडिलांनी नेरळ स्टेशनवर मोजलेले नग अकरा! वळकट्या, ट्रंक, डब्यांची पिशवी, गोणपाटात गुंडाळलेला स्टोव्ह, पोळपाट-लाटणं, चाळणी, किसणी, सगळं छोट्या गाडीतून वर गेलं. चारही दिवस दोन्ही वेळा साग्रसंगीत जेवण झालं. खूप वर्षांनी मी आईला सहज विचारलं, "तुला तिथला कुठला पॉइंट आवडला गं?" ती जरा आठवून म्हणाली, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जांभळाचं झाड दिसायचं. छान होतं." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तिने पाहिलेलं माथेरान तेवढंच होतं.

आता तुम्हाला वाटेल, मी तरी शहाणी झाले असेन. छे! १९९६ साली मीही पोळपाट बांधून नेला. संध्याकाळी सगळे पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त बघायला गेले आणि मी कणीक तिंबत मागे राहिले. सात वर्षांची लेक धावत आली आणि सूर्य कसा बुडाला ते हात पसरून मला सांगू लागली. आईलाही मी असंच सांगितलं असणार. त्या रात्री मी सामानाची नवी यादी करायला घेतली. तीच आज तुम्हाला सांगते.

यादीची सुरुवात पिशवीपासून नको, फोनपासून करा. बंगल्याच्या मालकाला विचारा: शेगडी गॅसची की इंडक्शन? इंडक्शन असेल तर घरचा साधा अॅल्युमिनियमचा कुकर तिथे तापणार नाही. त्याला लोहचुंबक चिकटेल अशा, सपाट बुडाची भांडी लागतात. घरची इंडक्शन शेगडी नेऊ म्हणाल, तर ती दोन हजार वॅटपर्यंत वीज ओढते आणि दिव्याशेजारच्या छोट्या सॉकेटला ते झेपत नाही. गॅसचा छोटा सिलिंडर आगगाडीतून नेण्याचा विचारही करू नका. त्याला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मग विचारा: सात माणसांचा भात मावेल एवढं पातेलं आहे का? फ्रिज आहे का? पिण्याच्या पाण्याची सोय काय? सुरी मात्र आपलीच न्या, कागदात नीट गुंडाळून. परक्या घरातली सुरी टोमॅटोसुद्धा कापत नाही, हा माझा अनुभव!

दुसरा विचार वजनाचा. माथेरानला खाजगी मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. तिथून सामान हमालाच्या डोक्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर जातं. आपण भरलेला प्रत्येक किलो कुणाला तरी वाहायचा असतो. म्हणून तांदळाचं पोतं, तेलाचा डबा नको. कांदे, बटाटे, दूध, अंडी, पाव हे सगळं वर बाजारात मिळतं. माल खालून येतो, म्हणून भाव थोडे चढे असतात, इतकंच.

मग घरून काय न्यायचं? जे वेळ वाचवतं ते. तीन रात्रींचा हिशोब सांगते. जाण्याच्या दिवशी दशम्या आणि लसणीची चटणी. त्या रात्री मुगाची खिचडी. सहा-सात माणसांना तांदूळ आणि डाळ मिळून अर्धा किलो पुरे. दोन्ही घरीच एकत्र करा, हळद-हिंग त्यातच घाला. एका सकाळसाठी भाजलेला रवा, एका सकाळसाठी जाडे पोहे. एका रात्री थालीपीठ, त्यासाठी भाजणी. एका रात्री पिठलं-भात. मेतकूट, लोणचं आणि भाजलेले पापड यांनी कुठलंही साधं जेवण सजतं. पाव किलो दुधाच्या पावडरीचं साधारण दोन लिटर दूध होतं. पहाटेच्या चहासाठी ती असू द्या. मसाल्याचा अख्खा डबा नको. मीठ, तिखट, मोहरी, साखर, चहा छोट्या बरण्यांत. दुपारचं जेवण मात्र खानावळीत. तेवढी चैन हॉटेलच्या खोल्यांपेक्षा नक्कीच स्वस्त पडते. आणि पोळ्या? तीन दिवस पोळी नाही मिळाली तर कुणी रोडावत नाही. पोळपाट घरी राहू द्या.

खाऊ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरा. माथेरानची माकडं हातातली पिशवी कधी पळवतील याचा नेम नाही आणि उघडी खिडकी म्हणजे त्यांना आमंत्रणच. बिस्किटांचा पुडा हातात मिरवू नका.

खाण्यापलीकडच्या वस्तू थोड्याच, पण विसरलात तर अडतं. विजेरी, काडेपेटी, भांडी घासायची घासणी, दोन जुनी फडकी, वाळत घालायला दोरी आणि चिमटे. तिथली तांबडी माती पांढऱ्या कपड्यांवर कायमची सही करते, म्हणून गडद रंगाचे कपडे आणि चालायला जुने, सरावाचे बूट. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. २००३ साली केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केलं. आपली वेष्टनं आपणच खाली आणावीत हे बरं.

आणि औषधं! ती कधीही हमालाकडच्या सामानात टाकू नका, आपल्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. आजी-आजोबांच्या गोळ्या मुक्कामापेक्षा दोन दिवस जास्तीच्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. जलसंजीवनीची पाकिटं, तापाची गोळी, पट्टी, बँडेज.

आता यादीतलं शेवटचं. माझ्या कागदावर वस्तूंच्या शेजारी आता आणखी एक रकाना असतो: "कोण करणार?" उपमा कोण, चहा कोण, भांडी कोण. निघण्याआधी, घरी सगळे बसलेले असताना तो भरायचा. तिथे पोचल्यावर भरू म्हणाल, तर त्यात एकच नाव येतं. कुणाचं, ते मी सांगायला नको. हा रकाना पहिल्यांदा भरला तेव्हा आमच्याकडे बराच गोंधळ झाला. "मला कुकर लावता येत नाही," असं आमच्या घरच्या मंडळींनी जाहीर केलं. निघायच्या आधीच्या दोन रविवारी त्यांना तो लावायला शिकवला. तीही पूर्वतयारीच!

२००९ साली आईला घेऊन आम्ही पुन्हा माथेरानला गेलो. ती तेव्हा सत्तरीची होती. संध्याकाळी तिला हळूहळू चालवत लुइझा पॉइंटवर नेलं. समोर दरी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, वारा सुटलेला. ती थोडा वेळ बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं, खिचडीकडे कोण बघतंय?"

"जावई बघताहेत, आई."

"त्यांना जमेल?"

"नाही जमली तर पातळ खाऊ."

ती हसली. पदर खांद्यावरून घट्ट घेऊन तिथल्या दगडावर बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

खिचडी पातळच झाली होती. आईने दोनदा मागून घेतली.