सी भरला म्हणून डी पाडू नका



मागच्या भेटीत आपण पासवर्डबद्दल बोललो. त्यानंतर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पासवर्डचा नव्हताच. "साहेब, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय आणि डी मोकळा पडलाय. डीमधली जागा सीला कशी देऊ?" इंदूर, बेळगाव, सुरत, हैदराबाद, सगळीकडून हेच. तेव्हा आज फक्त हाच विषय. विंडोजवाल्यांसाठी बोलतोय, मॅकवाल्यांनी चहा घ्यावा.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. साधा बीएस्सी, फौजेत सिग्नल्समध्ये होतो. आज मी सांगणार आहे ते बरंचसं स्वतः हात पोळून शिकलेलं आहे. ती गोष्टही सांगतो, पण आधी नकाशा पाहू.

विंडोजच्या चिन्हावर उजवी क्लिक करा. यादीत डिस्क मॅनेजमेंट दिसेल, ते उघडा. नुसतं पाहायचं आहे, काही दाबायचं नाही. खाली आडवी पट्टी दिसते, ती तुमची डिस्क. डावीकडे १०० एमबी किंवा थोडा मोठा ईएफआय नावाचा तुकडा. लॅपटॉप सुरू होतो तो इथून. मग सी. त्यापुढे बऱ्याचदा रिकव्हरी नावाचा छोटा तुकडा, आणि शेवटी डी. ए आणि बी कुठे गेले असं आमचा नातू विचारतो. ती अक्षरं फ्लॉपीची होती. फ्लॉपी गेली, अक्षरं राखीवच राहिली.

आणखी एक शंका इथेच मिटवतो. डबीवर ५१२ जीबी लिहिलेलं, आणि इथे बेरीज ४७६. दुकानदाराने फसवलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. म्हणून २५६चे २३८ दिसतात आणि १ टीबीचे ९३१.

आता मुख्य मुद्दा. सीवर उजवी क्लिक केली की एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय दिसतो, पण बहुतेकांचा तो फिकट असतो, दाबता येत नाही. कारण सीला वाढायचं असेल तर मोकळी जागा त्याला लागून, उजव्या बाजूला असावी लागते. मधे दुसरं काही असलं की संपलं. तुम्ही डीवर श्रिंक केलंत तर जागा सुटते खरी, पण ती डीच्या शेवटाला सुटते, म्हणजे सीपासून सगळ्यांत लांब. शेजारच्या शेजारच्या प्लॉटमधली चार गुंठे जमीन तुमच्या अंगणाला जोडता येत नाही, तसं. आणि डी पूर्ण काढला तरी मधे तो रिकव्हरीचा तुकडा उभाच असतो.

हे मला २०२१ साली माहीत नव्हतं.

तेव्हा माझा सी १०० जीबीचा आणि डी भला मोठा होता. सी भरला. एका व्हिडिओत पाहिलं: डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, डी डिलीट करा, सी वाढवा, उरलेल्या जागेत नवा डी करा. सरळ वाटलं. फौजेतली सवय, मी यादी केली. पेन्शनची कागदपत्रं, घराची कागदपत्रं, फोटो, आणि 'आई' नावाचं फोल्डर. त्यात आईच्या आवाजातली १४ रेकॉर्डिंग होती. जात्यावरच्या ओव्या, आणि आजोबांनी गाव का सोडलं त्याची हकिगत. मी रजेवर गेलो की टेपरेकॉर्डर तिच्यासमोर ठेवायचो. पुढे ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि, आता सांगायला लाज वाटते, कॅसेट टाकून दिल्या.

कॉपी झाली. मी तपासलंही. बाहेरच्या डिस्कवर 'आई' उघडलं, १४ फाइली दिसल्या, एक वाजवून पाहिली. आईचा आवाज आला. यादीवर टिक केली आणि डी डिलीट केला.

सी वाढेना. पर्याय फिकटच. तासभर झटापट करून कंटाळलो आणि निमूटपणे नवा डी करून क्विक फॉरमॅट मारला. मग बाहेरच्या डिस्कवरून सगळं परत आणायला बसलो, तर 'आई' उघडेना.

मी कॉपी केलं होतं ते फोल्डर नव्हतंच. डेस्कटॉपवर ठेवलेला त्याचा शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. बाहेरच्या डिस्कवरून उघडल्यावर मला जे दिसलं, जे ऐकू आलं, ते डीवरचंच होतं. घरच पाडलं, पत्ता हातात राहिला.

दोन ठिकाणी दुरुस्तीला नेलं. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर आशा होती, कारण तिच्यात फाइल पुसली तरी वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर बऱ्याचदा जागेवर असतो. माझी एसएसडी होती. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते. कुठली जागा आता नकोय ते विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती जागा साफ करून टाकते. क्विक फॉरमॅट करताना मी अख्ख्या डीसाठी तो निरोप स्वतःच्या हाताने पाठवला होता. काही परत आलं नाही.

बडोद्याची बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू मला त्यातली काही पाठवली होतीस बघ, आईच्या वर्षश्राद्धाला." तिच्या फोनमध्ये तीन निघाली. ती आता चार जागी ठेवली आहेत. गाव सोडल्याची हकिगत त्यात नाही.

तेव्हा कॉपी झाली का हे तपासताना फाइल उघडून पाहू नका, निदान तेवढ्यावर थांबू नका. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो शॉर्टकट. मूळ फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आकार आणि फाइलींची संख्या लिहून घ्या, कॉपीवरही तेच. माझा शॉर्टकट जेमतेम एक-दोन केबी होता. पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. आणखी पक्कं करायचं तर बाहेरची डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून उघडा.

आता सीचं काय? मजा ऐका. एवढं सगळं झाल्यावर भाचीने येऊन पार्टिशनला हात न लावता माझ्या सीवर ३५ जीबी मोकळे करून दिले. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथे कोणी किती जागा खाल्लीय ते दिसतं. टेम्पररी फाइल्समध्ये विंडोजची आधीची आवृत्ती पडून होती. मोठ्या अपडेटनंतर विंडोज ती मागे फिरण्यासाठी ठेवतं, साधारण १० दिवसांनी स्वतः काढतं, पण माझ्याकडे राहिली होती. त्याच यादीत डाउनलोड्सचंही नाव असतं. त्यावर टिक करण्याआधी दोनदा विचार करा. लोकांचे आयकर रिटर्न तिथेच पडलेले असतात.

मग डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स. हे आपण डीवर ठेवतो अशी आपली समजूत असते, पण ते मुळात सीवर असतात. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डीवर एक फोल्डर दाखवा. पुढचं सगळं आपोआप तिकडे जातं. वनड्राइव्हमध्ये ही फोल्डरं जोडलेली असतील तर आधी ते सोडवावं लागतं. वनड्राइव्हमधली फाइल लॅपटॉपवरून डिलीट केली तर ती क्लाउडमधूनही जाते, हेही लक्षात असू द्या. फक्त लॅपटॉपवरची जागा सोडवायची तर फ्री अप स्पेस म्हणा. हायबरनेशनची फाइलही काही जीबी घेते. ती बंद करता येते, पण फास्ट स्टार्टअपही जातं. मी चालू ठेवली.

तरीही सी वाढवायचाच असेल तर मधला रिकव्हरीचा तुकडा सरकवणारी सॉफ्टवेअर मिळतात. मी वापरली आहेत, चालतात. पण त्या वेळी वीज गेली, बॅटरी संपली, तर काय होईल याचा विचार करून चार्जर लावून बसा. आणि डिस्कपार्ट नावाचा काळा पडदा उघडायला सांगणाऱ्या व्हिडिओपासून लांब राहा. तिथे डिस्क ० की डिस्क १, एवढा एक आकडा चुकला आणि पुढे क्लीन म्हटलं की विषय संपला.

हैदराबादच्या एका ताईंचा प्रश्न आधीच आलाय, तो घेतो. नव्या लॅपटॉपला फक्त सीच आहे, डी करून घेऊ का?

ताई, डिस्क २५६ची असेल तर नको. दोन्हीकडे जागा अडकून पडेल. ५१२ किंवा जास्त असेल तर करा हवं तर. विंडोज बिघडून सी पुसावा लागला तर डी वाचवता येतो, फक्त रिसेट करताना सगळे ड्राइव्ह निवडू नका. पण डिस्कच गेली तर सी आणि डी एकदमच जातात, म्हणून डीवरची कॉपी ही कॉपी धरू नका. सीवर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. मोकळी जागा दिसते त्याहून कमीच सोडायला तयार होईल, कारण मधल्या काही फाइली विंडोजला हलवता येत नाहीत. सीला २०० जीबी तरी ठेवा, पुढे वाढवायला जाल तर माझी गोष्ट आठवेल. आणि सुरू करण्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपवर ते आपल्याला न विचारताही चालू झालेलं असतं. त्याची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

हं, पुढचा प्रश्न.